गर्दीच्या कांठावर गळ कसा टाकावा

अमेरिकेंतील मिसूरी राज्यांत बेनेट स्प्रिंग नांवाचा एक मोठा झरा आहे. दरवर्षीं १ मार्च रोजीं, उजाडण्यापूर्वींच, त्याच्या ओढ्याच्या दोन्ही कांठांवर शेंकडों माणसें येऊन उभीं राहतात. थंडी अद्याप सरलेली नसते; श्वासाची वाफ दिसते, बोटें बधिर होतात. म्हातारे असतात, बायका असतात, बापाचा हात धरून आलेलीं लहान मुलें असतात. प्रत्येकाच्या हातांत गळाची काठी असते. पण एकाचाही गळ पाण्यांत नसतो. मग साडेसहा वाजतां भोंगा होतो, आणि त्याच क्षणीं शेंकडों दोरे पाण्यावर पडतात. ट्राउट माशांचा हंगाम सुरू झाला!

हें वाचून आमच्या कित्येक वाचकांस हंसूं येईल. गळ टाकून बसणें हा एकांताचा छंद, अशी आपली समजूत. मग खांद्याला खांदा लावून मासे धरण्यांत सुख तें काय? आणि गर्दी टळतच नसेल, तर तींत शहाण्या माणसानें वागावें कसें? या दोन प्रश्नांचा विचार आम्हीं येथें योजिला आहे. ज्यानें जन्मांत कधीं गळ हातीं धरला नाहीं, त्यासही यांत कांहीं घेण्यासारखें सांपडेल अशी आम्हांस आशा आहे.

प्रथम गर्दी कां होते तें पाहूं. ट्राउट हा थंड पाण्याचा मासा. पाणी जसजसें तापतें तसतसा त्यांतील प्राणवायु कमी होतो, आणि उष्णता सुमारें २० अंश सेल्सियसच्या वर गेली कीं हा मासा कासावीस होऊं लागतो. म्हणूनच आपल्या भीमा-गोदावरींत तो नाहीं. भारतांत तो पाहावयाचा तर काश्मीर, कुलू किंवा निलगिरी येथील थंड प्रवाहांवर जावें लागतें. आणि तेथेंही तो बाहेरून आणलेला पाहुणाच आहे. मिसूरीचा उन्हाळाही कडक असतो. परंतु बेनेट स्प्रिंगमधून रोज सुमारें १० कोटि गॅलन पाणी भूमीच्या पोटांतून वर येतें, आणि तें बारा महिने साधारण १४ अंशांवर राहतें. हा ओढा दीड मैलाच्या सुमारास जाऊन नायांग्वा नदीस मिळतो. रेनबो, म्हणजे इंद्रधनुषी, जातीचे ट्राउट जवळच्या मत्स्यसंवर्धनगृहांत वाढवितात, आणि किती माणसें येतील याचा अंदाज बांधून या ओढ्यांत सोडतात. ओढा केवढासा, आणि हौशी लोक किती! गर्दी झाल्याशिवाय कशी राहील?

पण याहून मोठें कारण निराळेंच आहे. १९२४ पासून हें स्थळ राज्याचें सार्वजनिक उद्यान आहे. परवाना आणि त्या दिवसाची चिठ्ठी घेतली कीं कोणासही कांठावर उभें राहतां येतें; तो कोणाचा कोण, हें तेथें कोणी विचारीत नाहीं. इंग्लंडांत याच्या उलट प्रकार आहे. जेथवर समुद्राची भरती पोंचत नाहीं, तेथील नदींत मासे धरण्याचा हक्क सामान्यतः कांठाच्या मालकाचा असतो; परक्यास त्याची अनुमति मिळवावी लागते, आणि पुष्कळदां तिचे पैसेही मोजावे लागतात. त्या कांठांवर शांतता असते हें खरें. पण ती कुंपणाआडची शांतता होय. बेनेट स्प्रिंगची गर्दी ही सर्वांच्या हक्काची किंमत आहे. ही गोष्ट एकदां मनांत ठसली म्हणजे शेजाऱ्याविषयींचा राग अर्धा निवतो. तो आपल्या जागेवर आलेला नसून, आपण दोघेही आपल्या दोघांच्या जागेवर आलों आहों.

आतां उपायांकडे वळूं. पहिला उपाय वेळेचा. या उद्यानांतील मुख्य हंगाम १ मार्चपासून ३१ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे आठ महिने चालतो. परंतु लोक लोटतात ते पहिल्या दिवशीं आणि पुढें शनिवारीं-रविवारीं. ज्याला आठवड्याच्या मधला एखादा दिवस मोकळा सांपडतो, किंवा ज्याला रिमझिम पावसाचें भय वाटत नाहीं, त्याला तोच ओढा निराळा भेटतो. आभाळ भरून आलें असतां माशाचा भित्रेपणाही कांहींसा कमी होतो.

दुसरा उपाय पायांचा. माणसांचा स्वभाव असा, कीं वाहन जेथें थांबतें तेथून दिसणाऱ्या पहिल्याच डोहावर तीं जमतात. नुकताच सोडलेला मासाही प्रथम अशाच डोहांत घोळका करून राहतो. पण पुढें तो पांगतो. दगडांच्या आड, खळाळत्या पाण्याच्या कडेला, झाडाच्या मुळांखालीं आश्रय घेतो. अशा आडजागा गर्दीच्या दिवशींही पुष्कळदां मोकळ्या असतात. शिवाय, अलीकडच्या कांठावरचा मनुष्य पलीकडे गळ फेंकतो, आणि पलीकडचा अलीकडे! दोघांच्याही पायांशीं असलेलें पाणी तसेंच राहतें. म्हणून जाणता मनुष्य पाण्यांत पाय घालण्यापूर्वीं जवळचें पाणी आधीं चाचपतो, आणि मग हळूहळू लांब जातो.

तिसरा उपाय ज्ञानाचा. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून स्थिर राहतो, कारण त्याचें भक्ष्य पाण्याबरोबर वाहत त्याच्याकडे येतें. त्यामुळें मागील बाजू त्यास दिसत नाहीं. म्हणून त्याच्याकडे जावयाचें तें प्रवाहाच्या खालच्या अंगानें. पाण्यावरचें जग त्याला सुमारें ९७ अंशांच्या एका गोल खिडकींतून दिसतें. कांठावर ताठ उभा राहिलेला मनुष्य तींत चटकन येतो, वांकलेला सहसा येत नाहीं. त्याच्या दोन्ही कुशींवर एक सूक्ष्म रेषा असते. तिच्या योगें पाण्याचा लहानसा कंपही त्यास जाणवतो. मग दाणदाण पाय आपटीत येणाऱ्या माणसाची वर्दी त्यास आधींच मिळाली तर नवल काय? जेथें शंभर गळ फिरून गेले आहेत, तेथें मासा शहाणा होतो. त्याला भुलवावयाचें तर दोरा अधिक बारीक हवा, पिसांची बनविलेली माशी अधिक लहान हवी, आणि ती वाहत्या पानाप्रमाणें, दोऱ्याची ओढ न लागतां, सहज वाहत गेली पाहिजे. गर्दीच्या पाण्यावर बळाचें कांहीं चालत नाहीं, तेथें कौशल्यच लागतें.

चौथा उपाय रीतीचा, आणि आमच्या मतें तो सर्वांत महत्त्वाचा. दोघांमध्यें अंतर किती असावें याचें एकच माप सांगतां येणार नाहीं. मोकळ्या नदीवर शंभर पावलें, तर हंगामाच्या पहिल्या दिवशीं दोन हातही पुरतात. पण एक खूण सर्वत्र लागू आहे: शेजाऱ्याचा गळ जेथवर पोंचतो, तेथवरचें पाणी त्या वेळेपुरतें त्याचें समजावें. नवीन येणारानें प्रथम विचारावें, “मी येथें उभा राहूं काय?” एवढ्या एका वाक्यानें किती भांडणें टळतात! कांठानें जातांना पाण्यापासून दूर, शेजाऱ्याच्या पाठीमागून जावें. जवळच्याच्या गळास मोठा मासा लागला तर आपला दोरा गुंडाळून घ्यावा. दोरे गुंतले तर गुंता शांतपणें सोडवावा. सुटत नसेल तर आपलाच दोरा कापावा. दोन पैशांच्या दोऱ्यासाठीं सकाळ नासूं नये.

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम कांठावरील नद्यांवर स्टीलहेड, म्हणजे समुद्रांत जाऊन परत येणारे रेनबो, धरणाऱ्या लोकांत एक सुंदर रीत आहे. जो येतो तो धारेच्या वरच्या टोंकाशीं पाण्यांत उतरतो. एकदां गळ टाकावयाचा, मग एक-दोन पावलें खालीं सरावयाचें. पुन्हां टाकावयाचा, पुन्हां सरावयाचें. शेवटास पोंचला कीं बाहेर यावयाचें आणि मागून वर जाऊन आपल्या पाळीची वाट पाहावयाची. जागा कोणाचीच नाहीं, पाळी मात्र प्रत्येकाची. उत्तम जागा सर्वांच्या वाट्यास येते, आणि कोणी कोणास ढकलीत नाहीं.

कोणी म्हणेल, हें सारें लोकांच्या शहाणपणावर कशाला सोडावें? सरकारनेंच नियम करावे. नियमही आहेतच. बेनेट स्प्रिंगच्या ओढ्याचे भाग पाडले आहेत, आणि वरच्या भागांत केवळ बनावट माशीच वापरतां येते, म्हणजे निरनिराळ्या पद्धतींचे लोक एकमेकांस आडवे येत नाहींत. काश्मिरांत याहून पुढची व्यवस्था आहे. तेथें १९०० सालीं ब्रिटनमधून आणलेलीं ब्राउन ट्राउटचीं अंडीं जगलीं, आणि पुढें तो मासा तेथील नद्यांत पसरला. त्या नद्यांचे ‘बीट’ म्हणून तुकडे पाडले आहेत. परवाना मिळतो तो ठराविक तुकड्याचा आणि ठराविक दिवसाचा. त्यामुळें गर्दी होत नाहीं. परंतु परवाने संपले कीं उरलेल्यांस घरीं राहावें लागतें. दोन्ही व्यवस्थांत गुण आहेत. मात्र एक गोष्ट ध्यानांत ठेवावी: जेथें लोक आपण होऊन रीत पाळतात, तेथें फाटक अधिक लोकांस उघडें ठेवतां येतें. जेथें धक्काबुक्की होते, तेथें आज ना उद्यां कुंपण येतें, आणि तें लोकांनींच ओढवून आणलेलें असतें.

आणि धक्काबुक्कींत कांठावरून प्रथम कोण हटतो? ज्याचा आवाज मोठा, तो नव्हे. हटतो तो म्हातारा, ज्याचे पाय निसरड्या दगडांवर ठरत नाहींत. हटतें तें लहान मूल, ज्याची काठी साधी बांबूची असते. सार्वजनिक पाणी वस्तुतः ज्यांच्यासाठीं राखलें, त्यांच्याच हातून तें जातें. म्हणून चार मासे, म्हणजे तेथील एका दिवसाची मर्यादा, मिळाल्यावर जो आपली जागा मागें उभ्या असलेल्या मुलास देतो, त्यानें एक मासाही अधिक धरला नसला तरी नदीचें रक्षण केलें असें आम्ही समजतों.

विद्यार्थिमित्रहो, बेनेट स्प्रिंग तुमच्यापैकीं बहुतेकांस दिसणार नाहीं. पण नळावरची रांग, वाचनालयांतलें एकच वर्तमानपत्र, आगगाडीचा डबा, शाळेचें क्रीडांगण, हे सारे गर्दीचे कांठच आहेत. तेथें पोंचल्यावर “मी येथें उभा राहूं काय?” असें विचारावें, पाळी आली म्हणजे कौशल्यानें काम उरकावें, आणि मागच्यासाठीं जागा करून द्यावी. आईबापांस आमचें एवढेंच सांगणें आहे, कीं हा धडा पुस्तकांतून थोडा, आणि तुमचा हात धरून कांठावर उभें राहिल्यानेंच फार येतो.