परदेश प्रवासाचा पहिला दिवस : निद्रा व काल यांचा विचार

उन्हाळी सुट्टीत परदेशी सहलीस निघण्यापूर्वी 'प्रवासासाठी काही औषध द्या' असे म्हणणारे रुग्ण आता आपणा सर्वांच्या परिचयाचे आहेत. प्रस्तुत लेखात आम्ही गुलटेकडीच्या मार्केट यार्डातील आडत्यांचा स्वतंत्र विचार करीत आहोत, कारण त्यांची दिनचर्या इतरांहून भिन्न असते. भाजीपाला विभागाचे व्यवहार पहाटेच सुरू होत असल्याने रात्री नऊला निजणे व पहाटे तीनला उठणे हे अनेकांस सात्म्य झालेले असते.

काल-विपर्यय

मे महिन्यात लंडनचे घड्याळ पुण्याच्या साडेचार तास मागे, तर सिडनीचे तितकेच पुढे असते. अशा आडत्यास लंडनमध्ये दुपारी साडेचारला झोप अनावर होईल आणि रात्री साडेदहाला, इतर निजावयास जात असता, टक्क जाग येईल. सिडनीत तोच सकाळी साडेसातला उठेल. मात्र रात्री दीडपर्यंत त्यास झोप येणार नाही. पूर्वेकडील प्रवास अधिक त्रासदायक, हा सर्वसाधारण नियम आहे. तथापि पहाटे उठणाऱ्यास पहिल्या दिवशी पश्चिमच अधिक जड जाते. म्हणून औषधयोजनेपूर्वी रुग्णास दोन प्रश्न अवश्य विचारावेत : आपण कोणत्या दिशेस जाणार? आणि रोज किती वाजता उठता?

चिकित्सासूत्र

सात्म्य एकाएकी सोडू नये, पादांशिक क्रमाने सोडावे, हा उपदेश येथे तंतोतंत लागू पडतो. साडेचार तासांचा चतुर्थांश म्हणजे सुमारे सव्वा तास. शरीराचे घड्याळ दिवसाला साधारण एक तास सरकते, असे आधुनिक शास्त्रही मानते. तेव्हा पश्चिमेस जाणाऱ्याने निघण्यापूर्वी तीन-चार दिवस पहाटेचा गाळा घरातील दुसऱ्या कोणाकडे सोपवून रोज तासभर उशिरा निजावे व उशिरा उठावे.

विमानातील जागरणाविषयी अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायाचा आधार घ्यावा. जागरणाचे सात्म्य नसलेल्याने जितका काळ जागरण झाले त्याच्या निम्मा काळ सकाळी, जेवणापूर्वी निजावे, असा तेथे निर्देश आहे. ही सकाळ कोठली मानावी, पुण्याची की लंडनची? काल हा सूर्यगतीवर अवलंबून असल्याने ती उतरलेल्या ठिकाणचीच मानावी. सहा तास जागरण झाले असल्यास तीन तास, ही कमाल मर्यादा समजावी. दुपारनंतर उतरणाऱ्याने ही निद्रा घेऊ नये.

त्यानंतर लंडनमध्ये सूर्यास्तापर्यंत मोकळ्या उजेडात फिरावे व पुढे मंद प्रकाशात राहावे. सिडनीत याउलट सकाळचे ऊन घ्यावे. आहार त्या ठिकाणच्या वेळेनुसार, लघु व उष्ण असावा. मुगाची खिचडी व सुंठीचे पाणी पुरेसे आहे. रात्री जाग आल्यास चहा-फराळ टाळून अंथरुणातच पडून राहावे. त्यास लगेच निद्रानाश समजून निद्राजनन औषध देऊ नये.

सावधानता

1. मधुमेही रुग्णाने उपाशी निजू नये. इन्सुलिन व गोळ्यांच्या नव्या वेळा त्याच्या चिकित्सकाकडून आधीच लिहून घ्याव्यात.

2. विमानात शौचालय टाळण्यासाठी पाणी कमी पिणे व मूत्रवेग धारण करणे अनुचित होय. अधूनमधून उठून चालावे. प्रवासानंतर एकाच पोटरीस सूज व वेदना असल्यास ती केवळ वातज मानून अभ्यंग करू नये. शिरेत रक्ताची गुठळी असण्याचा संभव असतो. सोबत श्वासकष्ट असल्यास तात्काळ रुग्णालय गाठावे.

औषधविक्रेत्यांसाठी

विजयायुक्त जातीफलादि चूर्ण वा अहिफेनयुक्त कर्पूररस प्रवाशाच्या सामानात मुळीच जाऊ देऊ नये. भुसार बाजारात सहज मिळणारी खसखसही संयुक्त अरब अमिराती व सिंगापूर येथे निषिद्ध आहे. दुबईमार्गे जाणाऱ्यास हे आवर्जून सांगावे. पुडीत बांधलेले चूर्ण देण्याऐवजी घटकांची छापील नोंद असलेले मूळ बंद पॅकिंग व चिकित्सापत्र द्यावे. आसव-अरिष्टांची शंभर मिलिलिटरहून मोठी बाटली हातातील सामानात नेता येत नाही.

सारांश, पहिल्या दिवसाची चिकित्सा विमानतळावर नव्हे, तर चार दिवस आधी पुण्यातच सुरू होते. त्यात काल हेच प्रधान औषध असून सुंठ त्याची अनुचर होय.