जावेचे इंजेक्शन आपल्याला चालेल का?

घोडेगावच्या दवाखान्यात परवा एक भगिनी आल्या. ‘डॉक्टरसाहेब, जावेचं वजन इंजेक्शननं उतरलं. मलाही तेच लिहून द्या.’ विचारपूस करता त्यांना पित्ताशयात खडे असल्याचे कळले. मी इंजेक्शन लिहून दिले नाही.

वजन घटवणाऱ्या औषधांनी पूर्वीही फसवले आहे. हृदयाच्या झडपा बिघडवणारे फेनफ्लुरामीन अमेरिकेत १९९७ मध्ये मागे घेतले गेले. हृदयविकार व पक्षाघाताचा धोका वाढवणाऱ्या सिब्युट्रामीनवर भारतात २०११ मध्ये बंदी आली.

२०२५ पासून आपल्याकडे वजनासाठी सेमाग्लुटाइड व टिर्झेपटाइडची इंजेक्शने मिळू लागली. ती भूक कमी करतात, जठर सावकाश रिकामे होते. त्यामुळे मळमळ, उलट्या, जुलाब किंवा बद्धकोष्ठता होते. क्वचित पित्ताचे खडे होतात, स्वादुपिंडाला सूज येते. पोटातून पाठीकडे जाणारी असह्य कळ थांबत नसेल तर पुढचा डोस न घेता तडक रुग्णालय गाठावे.

गर्भवतींनी, तसेच स्वतःला किंवा रक्ताच्या नात्यात मेड्युलरी थायरॉइड कर्करोग झालेल्यांनी ही औषधे घेऊ नयेत. मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर साखर एकदम उतरू शकते. शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञांना जरूर सांगावे.

जावेचा चष्मा आपण लावत नाही. मग तिचे औषध तरी का घ्यावे?