आण्णांच्या तोंडचं इंग्रजी

अगं, काल फोनवर तुझा आवाज भरून आला आणि मला रात्री बराच वेळ झोप लागली नाही. "ताई, आठवडा झाला, मी इंग्रजीत बोलत राहते आणि पोरं माझ्याकडं नुसती बघत बसतात. एक तोंड उघडत नाही," म्हणालीस. शिरोली एमआयडीसीच्या कडेची मराठी शाळा, बी.एड. नुकतंच झालेलं, डोक्यात सगळ्या पद्धतींची नावं आणि समोर गप्प वर्ग. वीस वर्षांपूर्वी मीही अशीच उभी होते. तेव्हा मला कुणी सांगितलं नाही, ते तुला आज सांगते.

आधी आपल्या आण्णांना आठव. जन्मभर म्हणायचे, "मला कुठं इंग्रजी येतंय!" आणि फाउंड्रीतनं येऊन रात्री जेवताना आईला काय सांगायचे? "आज सेकंड शिफ्टला मोल्डिंगमधनं लई रिजेक्शन गेलं. डिस्पॅच अडकलाय. सुपरवायझरनं ओव्हरटाइम लावलाय." एवढ्या बोलण्यात सात इंग्रजी शब्द, आणि सातही अर्थासकट पक्के! त्यांनी ते पाठ केले नव्हते. कामाच्या जागी, गरजेपोटी, रोज कानावर पडून ते अंगात मुरले होते.

तुझ्या वर्गातली पोरं त्याच ताटावर जेवतात गं. कुणाचे वडील भट्टीवर, कुणाचे फेटलिंगला, कुणाची आई कोअर शॉपला. मोल्ड, पॅटर्न, फर्नेस, ग्राइंडिंग, गेटपास, हेल्पर हे शब्द त्यांच्या घरात रोज फिरतात. तू 'ए फॉर ॲपल' म्हणतेस, तेव्हा त्यांना वाटतं इंग्रजी परक्याचं आहे. तू 'पी फॉर पॅटर्न' म्हणून बघ. उद्या गृहपाठ एवढाच दे: घरात रात्री बोलण्यात आलेले पाच इंग्रजी शब्द घेऊन या. फळा भरेल. 'आम्हाला काहीच येत नाही' ही त्यांच्या मनातली गाठ तिथंच सैल होईल.

आता त्यांच्या गप्प बसण्याचं. त्याला घाबरू नकोस. आपण मराठी बोलायला लागलो, त्याआधी वर्षभर नुसतं ऐकतच होतो की! स्टीफन क्रॅशन या अमेरिकन अभ्यासकाचं तू वाचलं असशील. अर्थ कळेल असं भरपूर कानावर पडलं की भाषा आत रुजते, आणि मनात भीती असली की तेच बोलणं बाहेरच्या बाहेर अडतं, हे त्याचं सांगणं. त्याच्या सगळ्या म्हणण्यावर पंडितांचे वाद आहेत, पण भीतीचं मी डोळ्यांनी पाहिलंय. आण्णा म्हणायचे, ओतलेला माल वाळूत निवू द्यायचा असतो. घाईनं साचा फोडला की कास्टिंग तडकतं. पोरांचंही तसंच आहे. पहिले दोन-तीन आठवडे तू बोल, त्यांनी अंगानं उत्तर द्यावं. 'स्टँड अप', 'ओपन द विंडो', 'गिव्ह युवर पेन टू हर'. जेम्स ॲशर यांची पद्धत हीच: आधी हुकूम ऐकून हालचाल, बोलणं मागनं. पोरं हसतील, धावतील, आणि एक दिवस कुणीतरी आपणहून म्हणेल, "टीचर, मी हुकूम देऊ?" त्या दिवशी साचा फोडायचा.

आणि मराठी वर्गाबाहेर ठेवू नकोस. तुला कुणीतरी सांगितलं असेल, इंग्रजीच्या तासाला फक्त इंग्रजी. मीही ते वर्षभर पाळलं आणि वर्ष वाया घालवलं. कॅनडातले जिम कमिन्स सांगतात की मुलाच्या दोन भाषांना खालून आधार एकच असतो. मायबोलीत पक्की झालेली समज दुसऱ्या भाषेतही कामी येते. 'अ' आणि 'द' कसं शिकवायचं, विचारत होतीस ना? आपल्या भाषेत तसे शब्द नाहीत, म्हणून पोरं ते गाळतात. पण गोष्ट आपण कशी सांगतो? "एक राजा होता. त्या राजाला दोन राण्या होत्या." पहिल्यांदा भेटला तो 'एक राजा', ओळख झाल्यावर 'तो राजा'. 'अ किंग', मग 'द किंग'. सगळीकडं हे जुळणार नाही, पण दार इथनंच उघडतं. नियमाच्या अर्ध्या पानानं जे होत नाही, ते आजीच्या गोष्टीनं होतं.

तुझ्या वर्गात बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेल्या कामगारांचीही पोरं आहेत. त्यांची तर मराठीच दुसरी भाषा, इंग्रजी तिसरी. त्यांनाही त्यांचा शब्द विचार. पाण्याला घरी काय म्हणता? हिंदीवाला 'पानी' म्हणेल, ओडिशाचा पोरगा 'पाणि' म्हणेल, आणि आपली पोरं चकित होतील, "आमच्यासारखंच की!" मग त्या रांगेत 'वॉटर' लिही. बाकावर कोपऱ्यात बसणारं ते पोर त्या दिवशी पुढं सरकतं.

आता जिवाला लागलेली गोष्ट सांगते. माझ्या पहिल्या शाळेत एक मुलगा उभा राहून म्हणाला, "माय फादर गो कंपनी." मी भर वर्गात त्याला थांबवलं, 'गोज' म्हणायला लावलं, तीनदा. वर्ग हसला. तो मुलगा वर्षभर माझ्या तासाला पुन्हा बोलला नाही. आजही तो डोळ्यांसमोर येतो. त्यानं वडिलांविषयी सांगायला तोंड उघडलं होतं, आणि मी क्रियापदाचा 'स' मोजत बसले.

चूक म्हणजे काय, हे मला पुढं पिट कॉर्डर या अभ्यासकाच्या १९६७ च्या लेखातून कळलं. शिकणारा आत काय नियम बांधतोय, ते त्याची चूक दाखवते, असं तो म्हणतो. आण्णांच्या फाउंड्रीत रिजेक्ट झालेला तुकडा कापून बघायचे: पोकळी कुठं आली, वाळूत ओल जास्त होती का? मग तो पुन्हा भट्टीत. फेकायचा नाही. "आय भाकरी ईट" म्हणणारं पोर मराठीचं क्रियापद शेवटी ठेवतंय. "व्हेअर यू आर गोइंग" म्हणणारं मराठीसारखाच प्रश्न विचारतंय. "क्लोज द लाईट" म्हणणाऱ्याला आपण दार आणि दिवा दोन्ही 'बंद' करतो एवढंच माहीत आहे. यातलं एकही पोर मठ्ठ नाही. आता मी असा मुलगा उभा राहिला की म्हणते, "ओ, युवर फादर गोज टू द कंपनी! विच शिफ्ट?" बरोबर रूप त्याच्या कानावर पडतं, आणि बोलणं पुढं चालतं. कडा घासायचं काम फेटलिंगला, ओतून झाल्यावर. व्याकरण हवंच गं, त्याची जागा मागनं आहे.

आपल्याकडं पिढ्यान् पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकल्या. वाक्य घ्यायचं, उलटायचं. त्यातनं वाचणारी, लिहिणारी मोठी माणसं घडली, त्याचा मान ठेव. पण बोलताना जीभ अडखळायची ती अडखळायचीच. २००० साली सरकारनं मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणलं. मी पाचवीत एबीसीडी गिरवली, तू पहिलीत. वर्षं वाढली, तरी जीभ सुटली का? तास कसा घेतला, यावर ते ठरतं.

तुझ्या शाळेवरनं जाणारा हायवे थेट बेंगळुरूला पोचतो. तिथं एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ मध्ये साध्या शाळांतल्या मुलांवर एक प्रयोग चालवला. व्याकरणाचा धडा न देता मुलांना कोडं द्यायचं: रेल्वेचं वेळापत्रक, नकाशा, हिशेब. मन कोडं सोडवण्यात गुंतलं की इंग्रजी वापरलं जातं, आणि वापरता वापरता रुजतं. तू हेच कर. अर्ध्या वर्गाला बसच्या वेळांचा कागद, अर्ध्याला शिफ्टच्या वेळांचा. वडिलांची शिफ्ट सुटल्यावर सांगली फाट्यावरनं कुठली बस मिळेल? एकमेकांना विचारल्याशिवाय उत्तर निघणार नाही. 'व्हॉट टाइम' आणि 'विच बस' पोरं स्वतः मागून घेतील.

त्याच प्रभूंनी १९९० मध्ये लिहिलं की सर्वांत चांगली अशी एकच पद्धत नसतेच. आपण करतोय त्यातनं पोरं खरंच शिकतायत, असं शिक्षकाला आतनं जाणवत राहिलं पाहिजे, हे त्यांना मोलाचं वाटलं. ते मनावर कोरून ठेव. ॲशर घे, कमिन्स घे, गरज पडली तर तर्खडकरही घे. पण निवडताना पुस्तकाकडं बघू नकोस, पोरांच्या तोंडाकडं बघ.

उद्या जा आणि पाच शब्द मागून घे. संध्याकाळी मला फोन कर आणि फळ्यावर काय काय आलं ते वाचून दाखव. त्यात आण्णांचा एखादा शब्द निघाला, तर तो मला सगळ्यात आधी सांग.