ग्लायडरवरील ओळख-अक्षरे

उन्हाळ्यातील एखाद्या दुपारी तापलेल्या जमिनीवरून उष्ण हवेचा एक स्तंभ वर चढू लागतो आणि थोड्याच वेळात चारदोन ग्लायडर त्यात शिरून घिरट्या घालू लागतात. सर्वांची दिशा एकच, उंची मात्र थोडीथोडी वेगळी. सगळे पांढरे, सगळे लांबट पंखांचे आणि निमुळत्या शेपटीचे. अर्धा किलोमीटर अंतरावरून पाहणाऱ्याला त्यांतील एक दुसऱ्याहून वेगळा ओळखता येत नाही. अशा वेळी वरच्या ग्लायडरातील वैमानिकाला दिसते की, खालचे दोन ग्लायडर एकमेकांच्या नजरेआड होऊन जवळजवळ येत आहेत. त्याला रेडिओवरून इशारा द्यावयाचा आहे; पण तो कोणाला उद्देशून द्यावा? आत बसलेल्या माणसाचे नाव त्याला ठाऊक नसते. ठाऊक असते ते एवढेच, की त्या ग्लायडरच्या शेपटीवर दोन काळी अक्षरे आहेत. तो ती दोन अक्षरे उच्चारतो आणि 'उजवीकडे वळा' असे सांगतो. अक्षरे वाचण्यात चूक झाली, तर ज्याने वळावयास हवे तो सरळ जातो आणि ज्याने सरळ जावयाचे तो वळतो.

ग्लायडरवरील अक्षरांकडे सामान्य प्रेक्षक सजावट म्हणून पाहतो. पुष्कळदा मालकही त्याच दृष्टीने ती निवडतो. वास्तविक ही अक्षरे ग्लायडरच्या उपकरणांपैकीच एक होत, आणि अन्य उपकरणांप्रमाणे ती चुकीची निवडता येतात व चुकीच्या रीतीने बसवताही येतात.

या खुणा दोन प्रकारच्या असतात. पहिली कायद्याने आवश्यक अशी नोंदणी-खूण. १९४४ मध्ये शिकागो येथे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीचा करार झाला. त्याच्या सातव्या परिशिष्टात विमानांच्या राष्ट्रीयत्वाच्या व नोंदणीच्या खुणांचे नियम असून ते प्रथम १९४९ मध्ये स्वीकारण्यात आले. भारतीय विमानांच्या खुणेचा आरंभ 'व्हीटी' या दोन अक्षरांनी होतो. ही अक्षरे 'व्हाइसरॉयज टेरिटरी' या शब्दांची आद्याक्षरे आहेत असे पुष्कळ जण सांगतात. गोष्ट ऐकावयास बरी आहे, परंतु खरा उगम निराळा आहे. १९२७ च्या वॉशिंग्टन येथील रेडिओ परिषदेत निरनिराळ्या देशांना संकेताक्षरांचे गट वाटून देण्यात आले. त्यांत 'व्हीटी'पासून 'व्हीडब्ल्यू'पर्यंतचा गट भारताच्या वाट्यास आला आणि त्यातील पहिलीच जोडी विमानांसाठी घेण्यात आली. जर्मनीत ग्लायडरच्या नोंदणीत 'डी' या अक्षरापुढे चार आकडे येतात. ब्रिटनमध्ये तर अनेक दशके ग्लायडरांची नोंद नागरी विमानांच्या यादीत होतच नसे; तेथील ग्लायडिंग असोसिएशन आपल्याकडून तीन अक्षरांची खूण देई.

दुसरी खूण स्पर्धेची. ती आखूड असते. दोन किंवा तीन अक्षरे, क्वचित अक्षर व आकडा यांची जोडी. तिला नोंदणीसारखा सार्वत्रिक कायदा नाही; त्या त्या देशातील ग्लायडिंग संघटना तिचे वाटप करते. व्यवहारात मात्र आकाशात वैमानिक एकमेकांस हाक मारतात ती याच खुणेने. याचे कारण थोड्याशा हिशेबाने स्पष्ट होईल.

सातव्या परिशिष्टाप्रमाणे पंखाखालील अक्षरे निदान ५० सेंटिमीटर आणि धडावरील किंवा उभ्या शेपटीवरील अक्षरे निदान ३० सेंटिमीटर उंच असावी लागतात. अक्षराची रुंदी उंचीच्या दोन-तृतीयांश, रेषेची जाडी एक-षष्ठांश आणि दोन अक्षरांमधील अंतर अक्षराच्या रुंदीच्या एक-चतुर्थांशाहून कमी नसावे, असे प्रमाण आहे. भारतीय नोंदणीत पाच अक्षरे व मधली आडवी रेघ मिळून सहा घटक होतात. ३० सेंटिमीटर उंचीच्या अक्षरांसाठी सहा वेळा २० आणि पाच वेळा ५, म्हणजे १४५ सेंटिमीटर लांबी लागेल. ग्लायडरच्या शेपटीचा दांडा एवढा लांब खचित असतो. परंतु तो मागे निमुळता होत जातो आणि बहुतेक ठिकाणी त्याचा व्यासच ३० सेंटिमीटरांच्या आसपास किंवा त्याहून कमी भरतो. गोल नळीवर तिच्या व्यासाइतके उंच अक्षर चिकटवले, तर त्याचा माथा व पाया दोन्ही वळून दिसेनासे होतात आणि बाजूने पाहणाऱ्यास फक्त मधला पट्टा दिसतो. उभ्या शेपटीचा भाग सपाट असतो, पण तो अरुंद. तेथे दोन अक्षरांना ४५ आणि तिनांना ७० सेंटिमीटर जागा पुरते. सहा घटकांची संपूर्ण नोंदणी तेथे त्या उंचीत बसणे शक्य नाही. म्हणून तेथे स्पर्धेची आखूड खूण आली. अमेरिकेच्या नियमांनी ग्लायडरवर तीन इंच उंचीची नोंदणी चालते. कायद्याची पूर्तता तीन इंचांत होते हे खरे. पण शेजारून जाणाऱ्या वैमानिकास ती वाचता येत नाही, हेही तितकेच खरे.

पंखाखालीही अशीच अडचण आहे. पंधरा मीटर पंखविस्ताराच्या ग्लायडरचे पंखक्षेत्र सुमारे साडेदहा चौरस मीटर धरले, तर पंखाची सरासरी रुंदी ७० सेंटिमीटर येते. ५० सेंटिमीटरांचे अक्षर मधोमध बसवले, तर पुढे व मागे प्रत्येकी १० सेंटिमीटर उरतात. नोंदणी डाव्या पंखाखाली, अक्षरांचे माथे पंखाच्या पुढच्या कडेकडे करून आणि दोन्ही कडांपासून शक्य तितक्या सारख्या अंतरावर लिहावी, असा नियम आहे. पंख टोकाकडे अरुंद होत जातो, म्हणून शहाणा माणूस ती धडाजवळच्या रुंद भागात घेतो. स्पर्धेची खूण मग सामान्यतः उजव्या पंखाखाली जाते.

अक्षरे कोणती निवडावीत? रोमन लिपीतील 'ओ' आणि शून्य, 'आय' आणि एक, 'एस' आणि पाच, 'बी' आणि आठ, 'झेड' आणि दोन या जोड्या दुरून सारख्याच दिसतात. अमेरिकेच्या नोंदणीत 'आय' व 'ओ' ही अक्षरे वापरलीच जात नाहीत, ती याच कारणाने. निवड आपल्या हाती असेल, तर उभ्या-आडव्या व तिरप्या सरळ रेषांची, एकमेकांहून आकाराने भिन्न अशी अक्षरे घ्यावीत. आपल्याच मैदानावर नेहमी उडणाऱ्या ग्लायडरांच्या खुणांशीही ती ताडून पाहावीत. एका घिरटीत 'एक्स के' आणि 'के एक्स' एकत्र आले म्हणजे रेडिओवर जो गोंधळ होतो तो टाळलेला बरा. अक्षरांना शेपट्या, सावल्या किंवा दुहेरी कडा नसाव्यात. आद्याक्षरांचा मोह पुष्कळांना पडतो आणि त्यात काही गैर नाही. मात्र ती नक्षीदार वळणाची करू नयेत.

आता रंगाचा प्रश्न. वाचनाच्या दृष्टीने पांढऱ्यावर काळा उत्तम. परंतु ग्लायडर पांढरा का असतो, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. १९५७ मध्ये जर्मनीतील श्टुटगार्ट येथील 'फिनिक्स' या ग्लायडरने प्रथम उड्डाण केले. काचतंतू व रेझीन यांच्या मिश्रद्रव्याने घडवलेला हा पहिला ग्लायडर होय. लाकूड व कापड यांची जागा नंतरच्या काळात मोठ्या प्रमाणावर याच द्रव्याने घेतली. काचेचा तंतू उष्णतेला दाद देत नाही. पण तंतूंना जखडून ठेवणारे रेझीन एका मर्यादेपुढे मऊ पडू लागते. अशा ग्लायडरांच्या ताकदीची परीक्षा ५४ अंश सेल्सिअस तापमानास घेण्याचा प्रघात पडला, आणि पृष्ठभाग पांढरा राहील तर भर उन्हातही आतील बांधणी त्या मर्यादेत राहील, असे गृहीत धरण्यात आले. काळा पृष्ठभाग मात्र तीव्र उन्हात सत्तर-ऐंशी अंशांच्या घरात सहज जातो. या कारणाने ग्लायडरच्या पुस्तिकेत कोणत्या भागांवर रंगीत खुणा चालतील हे सांगितलेले असते. सर्वसाधारणपणे पंखांची टोके, नाक, उभी शेपटी आणि नोंदणीची जागा एवढ्यांचीच त्यांत गणना होते. पुस्तिका न पाहता पंखाच्या वरच्या पृष्ठावर, मुख्य तुळईच्या माथ्यावर गडद पट्टे ओढणाऱ्याने ती गृहीत गोष्टच खोटी पाडली, असे म्हणावे लागेल. पंखाखालच्या बाजूस थेट ऊन लागत नाही, हे त्या जागेचे आणखी एक सोयीचे कारण. आपल्याकडे मे महिन्यात ग्लायडर उघड्यावर उभा असला, तर हा विचार युरोपातल्यापेक्षा अधिक कसोशीने करावयास हवा. धातूच्या ग्लायडरला ही चिंता नाही. तेथे केवळ डोळ्यांच्या सोयीने रंग निवडावा.

याहूनही कमी लक्षात येणारी गोष्ट सुकाणूची. उभ्या शेपटीचा पुढचा भाग स्थिर असतो आणि मागचा, म्हणजे सुकाणू, बिजागरीवर हलतो. मोठे अक्षर काढावयाचे म्हणजे त्याचा काही अंश सुकाणूवर येणारच. बिजागरीच्या मागे वजन वाढले, तर विशिष्ट वेगाला सुकाणू आपोआप फडफडू लागण्याचा धोका असतो, आणि अशी फडफड काही क्षणांत शेपूट मोडू शकते. हे वजन किती असेल? ३० सेंटिमीटर उंचीच्या 'एच' या अक्षराला वर दिलेल्या प्रमाणाने सुमारे ३५० चौरस सेंटिमीटर फिल्म लागते. चिकटद्रव्यासह फिल्मचे वजन चौरस मीटरला १२० ग्रॅम धरल्यास एक अक्षर चार ग्रॅमांहून किंचित अधिक, दोन्ही बाजूंचे मिळून साडेआठ ग्रॅम. ही काय मोठी बाब, असे वाटेल. परंतु ते बिजागरीच्या मागे २० सेंटिमीटरांवर असेल आणि तोल साधणारे शिसे बिजागरीच्या पुढे अवघ्या ३ सेंटिमीटरांवर बसवता येत असेल, तर तोल राखण्यास सुमारे ५६ ग्रॅम शिसे लागेल. एका मालकाची अक्षरे न काढता त्यांवर पांढरा रंग मारून दुसऱ्याने आपली अक्षरे चिकटवली आणि तिसऱ्यानेही तेच केले, तर काय होईल हे सांगावयास नको. सुकाणूच्या वजनाची व आघूर्णाची मर्यादा पुस्तिकेत दिलेली असते. रंग दिल्यानंतर ती तपासणे अपरिहार्य आहे, आणि अक्षरे शक्य तो स्थिर भागावरच ठेवणे सर्वांत सोपे.

हवेच्या प्रवाहाचा विचारही थोडक्यात सांगतो. ग्लायडरच्या पंखावरून हवा बऱ्याच अंतरापर्यंत स्तरीय प्रवाहाने, म्हणजे थरांची सरमिसळ न होता, वाहते. पुढच्या कडेवर कीटक चिकटले तरी हा प्रवाह विसकटतो आणि ग्लायडर लवकर खाली येऊ लागतो. फिल्मची कड मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढीच असते. तरीही तिला पुढच्या कडेपासून दूर ठेवावे आणि सुटू देऊ नये.

पूर्वी कापडी पंखांवर चिकटपट्टीने आखून ब्रशाने अक्षरे रंगवीत. आता कापून तयार मिळणारी व्हिनाइल फिल्मची अक्षरेच बहुधा वापरतात. फिल्म ओतीव जातीची घ्यावी. लाटून केलेली फिल्म स्वस्त असते, पण ती काही काळाने आकसते आणि तिच्या कडेने चिकट काळी रेघ उरते.

काम सावलीत, पंधरा ते तीस अंश तापमानात करावे. ग्लायडरला मेणाचे पॉलिश असते व त्यावर काहीही टिकत नाही. म्हणून ती जागा साबणाच्या पाण्याने आणि नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनतीनदा पुसावी. ॲसिटोन वापरू नये, त्याने पृष्ठभागाला इजा होते. मग कागदी चिकटपट्टीने आधाररेषा आखावी. येथे एक सूचना करावीशी वाटते. ग्लायडर जमिनीवर एका बाजूस कललेला आणि शेपटीवर टेकलेला असतो, तेव्हा रेषा जमिनीला समांतर न धरता धडाच्या मध्यरेषेवरून धरावी. आणि अक्षरे तात्पुरती लावून वीस पावले मागे जाऊन पाहावे. जवळून सरळ वाटणारी ओळ दुरून पडलेली दिसते.

पाण्यात साबणाचे चार थेंब टाकून ते जागेवर शिंपडले, म्हणजे फिल्म लगेच पकडत नाही व हवी तशी सरकवता येते. नंतर मऊ पट्टीने मध्यापासून कडेकडे पाणी निपटून काढावे आणि वरचा कागद स्वतःवरच उलटा दुमडून सावकाश ओढावा. अक्षराचे कोपरे किंचित गोल असले म्हणजे उचकटत नाहीत. फिल्म ग्लायडरवर ठेवून पात्याने कधीही कापू नये. पात्याचा केसाएवढा ओरखडा जेलकोटमध्ये उतरतो आणि पुढे तेथूनच तडा जातो. धडावरील हवेच्या दाबाची बारीक छिद्रे व पाणी निथळण्याची छिद्रे झाकली जाणार नाहीत याची खात्री करावी. स्थिर भाग व सुकाणू यांमधील फटीवरून अक्षर जात असेल, तर ते चिकटवण्यापूर्वीच दोन तुकड्यांत कापलेले असावे.

जुनी अक्षरे काढताना केस वाळवण्याचे यंत्र वापरतात. त्याला हरकत नाही. मात्र दुसऱ्या हाताचा तळवा त्याच जागेवर ठेवावा. तळव्याला जे सोसत नाही ते रेझीनलाही देऊ नये. फिल्म निघाल्यावर तिच्या जागी जुन्या अक्षराची फिकट छाया उरते, कारण भोवतालचा जेलकोट उन्हाने बदललेला असतो. ती छाया व नवे अक्षर यांची दुरून गल्लत होणार नाही इतपत ती घासून नाहीशी करावी, आणि सुकाणू दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून पाहून मगच केलेल्या कामाची नोंद ग्लायडरच्या वहीत करावी.