खंजिरी खणखणीत हवी, खरखर नको

प्रश्न : आजोबांकडे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांच्या जुन्या कॅसेटी आहेत, गावच्या भजनमंडळानं गायलेल्या. त्या मी मोबाईलवर उतरवल्या आणि आजोबांसाठी एक ॲप करतेय. त्यात इक्वलायझर घातला. पण दहा बँड हवे असताना फोन पाचच देतो, ३ डेसिबल वाढवले तर काही फरकच पडत नाही, आणि खूप वाढवलं की आवाज फाटतो. चुकतंय कुठे?
– एक विद्यार्थिनी, महाल, नागपूर

उत्तर : आधी त्या ३ डेसिबलचं बघू, कारण तिथे भलेभले फसतात. अँड्रॉइडचा इक्वलायझर डेसिबलमध्ये मोजत नाही, मिलिबेलमध्ये मोजतो. १०० मिलिबेल म्हणजे १ डेसिबल. तुम्ही ‘३’ पाठवलात, फोनने ०.०३ डेसिबल वाढवला. तो कोणाच्या कानाला कळणार? ‘३००’ पाठवा. बँडची वारंवारताही तो मिलिहर्ट्झमध्ये सांगतो. ६०००० दिसलं तर ते ६० हर्ट्झ समजा.

बँड किती असावेत हे फोन बनवणारा ठरवतो. पुष्कळ फोनांत ते पाच असतात : ६०, २३०, ९१०, ३६०० आणि १४००० हर्ट्झ. पण हे आकडे कोडमध्ये लिहून मोकळं होऊ नका. ॲप सुरू झालं की फोनलाच विचारा, बँड किती, प्रत्येकाचा मध्य कुठे, वरखाली किती जाता येतं, आणि मग तेवढ्याच पट्ट्या पडद्यावर काढा. दहाच हवे असतील तर अँड्रॉइड ९ पासून ‘डायनॅमिक्स प्रोसेसिंग’ नावाची सोय आहे. तिच्यात बँडची संख्या आपण ठरवू शकतो.

आता फाटण्याचं. १६ बिटच्या आवाजात सर्वांत मोठा आकडा ३२७६७. कॅसेट उतरवताना खंजिरीची एखादी थाप २०००० पर्यंत गेली असेल आणि तिचा जोर जिथे आहे तोच बँड तुम्ही ६ डेसिबल चढवलात, तर ती जवळपास दुप्पट होते, ४०००० च्या घरात जाते. ती मावणार कशी? लाटेचा माथा सपाट कापला जातो आणि तेच आपल्याला फाटल्यासारखं ऐकू येतं.

म्हणून माझा आग्रह असा, की चढवण्याआधी उतरवून बघा. भजनाचे शब्द स्पष्ट हवेत ना? मग ३६०० ला हात न लावता २३० ची पट्टी ३ डेसिबल खाली घ्या. देवळात घुमलेला आवाज ओसरतो आणि गाणारा पुढे येतो. १४००० खाली घेतलं की टेपची सळसळ कमी होते. पण खंजिरीच्या छोट्या झांजांची किणकिणही तिथवर पोचलेली असते. फार ओढलंत तर खंजिरी मुकी होईल, आणि ज्या भजनाचा प्राणच खंजिरी, त्यात उरलं काय? तेव्हा इथे हलक्या हाताने, डोळे मिटून, आजोबांना शेजारी बसवून ठरवा. ६० ची पट्टी फोनच्या स्पीकरवर ऐकताना वाढवू नका. एवढ्याशा स्पीकरमधून तो खर्ज निघतच नाही.

इक्वलायझर हे नाव टेलिफोनच्या लांबच लांब तारांवरून आलं. तारेत उंच स्वर विरून जात. ते भरून काढून दोन्ही टोकांचा आवाज सारखा करायचा, हे त्याचं मूळ काम. तुमच्या कॅसेटीचीही गरज तेवढीच आहे.

एक विनंती. ॲपने जो काही फरक करायचा तो ऐकतानाच करू द्या. कॅसेटवरून उतरवलेल्या मूळ फाइलीला कसलाही इक्वलायझर लावू नका; ती आहे तशी वेगळी जपा आणि तिची एक प्रत घरातल्या आणखी कोणाकडे तरी ठेवा.