एकाच इमारतीत घर, कचेरी आणि बाजार : शिकागोच्या एका मनोऱ्याचा धडा

शहराच्या मध्यभागी जमीन थोडी आणि मागणी मोठी असते. दुकाने, कचेऱ्या आणि घरे या सर्वांना तीच जागा हवी असते. ही सर्व एकाच उंच इमारतीत सामावून घेण्याची कल्पना यातूनच पुढे आली. मात्र निरनिराळे वापर केवळ एकावर एक रचून भागत नाही. प्रत्येक वापराची गरज ओळखून आराखड्यातच तिची सोय करावी लागते. अमेरिकेतील शिकागो शहरात १९६९ मध्ये पूर्ण झालेली जॉन हॅनकॉक सेंटर ही शंभर मजली इमारत या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. २०१८ पासून ती ८७५, नॉर्थ मिशिगन ॲव्हेन्यू या नावाने ओळखली जाते.

दोन मनोऱ्यांऐवजी एक

प्रारंभी या जागेवर घरांचा एक व कचेऱ्यांचा एक असे दोन मनोरे योजिले होते. पुढे वास्तुशिल्पी ब्रूस ग्रॅहम आणि १९२९ मध्ये ढाक्यात जन्मलेले अभियंता फझलुर रहमान खान यांनी दोन्ही वापर एकाच मनोऱ्यात आणले. त्यामुळे जमिनीचा बराच भाग मोकळा राहिला.

तळाशी दुकाने, त्यांच्या वर वाहनतळ, मग कचेऱ्या आणि ४४ व्या मजल्यापासून ९२ व्या मजल्यापर्यंत सुमारे सातशे घरे, असा क्रम ठरला. हा क्रम सहज सुचलेला नव्हे. दुकानांना रस्त्याचा शेजार लागतो. कचेरीला लांबरुंद मजला चालतो. घराच्या खोल्यांना मात्र खिडकी हवी. म्हणूनच इमारत तळाशी रुंद ठेवून वर निमुळती केली आहे. या आकारामुळे वाऱ्याचा जोरही कमी होतो.

पोलादाची बचत

उंच इमारतीला स्वतःच्या भाराइतकीच वाऱ्याचीही चिंता असते. खान यांनी बाहेरच्या चारही बाजूंवर तिरप्या पोलादी तुळयांच्या प्रचंड फुल्या घातल्या. एकेक फुली सुमारे १८ मजले व्यापते. संपूर्ण बाह्यांग एखाद्या ताठ नळीसारखे काम करते. या रचनेस दर चौरस मीटरला सुमारे १४५ किलो पोलाद लागले. १९३१ च्या एम्पायर स्टेट बिल्डिंगला ते सुमारे २०६ किलो लागले होते.

वाटा स्वतंत्र

रहिवाशांचे प्रवेशद्वार कचेऱ्यांच्या प्रवेशद्वाराहून वेगळे ठेवले आहे. रहिवासी थेट लिफ्टने ४४ व्या मजल्यावर जातात आणि तेथे दुसरी लिफ्ट घेतात. याच मजल्यावर पोहण्याचा तलाव व किराणा दुकान यांची सोय करण्यात आली. दिवसभर कचेऱ्यांत येणारी वर्दळ घरांच्या दारापर्यंत पोहोचत नाही, हे या मांडणीचे मोठे यश होय.

तथापि, उंचीची किंमतही मोजावी लागते. नोव्हेंबर २०१८ मध्ये ९५ व्या मजल्यावरून खाली येणाऱ्या एका थेट लिफ्टचा दोरखंड तुटला आणि सहा माणसे ११ व्या मजल्याजवळ अडकली. त्या लिफ्टच्या मार्गाला मधल्या मजल्यांवर दारेच नव्हती. अग्निशमन दलाला वाहनतळाची भिंत फोडून सुमारे तीन तासांनी त्यांची सुटका करावी लागली. सोयीसाठी केलेली रचना संकटकाळी अडसर ठरू शकते, हे या घटनेने दाखवून दिले.

आपल्या गावांसाठी

हा धडा केवळ महानगरांपुरता नाही. तालुक्याच्या बाजारपेठेतही तळाला दुकाने, पहिल्या मजल्यावर दवाखाना किंवा शिकवणी वर्ग आणि वर बिऱ्हाडे अशी इमारत सर्रास दिसते. तिथे अनेकदा सर्वांना मिळून एकच जिना असतो आणि त्याच्याखाली दुकानाचा माल रचलेला असतो. तळाला आग लागली, तर वरच्यांची वाट धुराने बंद होते.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार अग्निसुरक्षेच्या व्यवस्था सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकावर किंवा भोगवटादारावर आहे. त्याबाबतचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी व जुलै महिन्यांत सादर करावयाचे असते. परंतु आराखड्यात नसलेला जिना प्रमाणपत्राने निर्माण होत नाही.

म्हणून नकाशा तपासतानाच चार गोष्टी पाहिल्या पाहिजेत. घरांची वाट दुकानांच्या वाटेपासून वेगळी आहे काय? एक जिना बंद झाल्यास दुसरा आहे काय? अग्निशमन गाडी इमारतीपर्यंत पोहोचेल काय? आणि वाहनतळासाठी दाखविलेली जागा उद्या गोदाम होणार नाही, याची व्यवस्था काय? कागदावरची रेघ सहज बदलता येते. उभी राहिलेली भिंत बदलणे तितके सोपे नसते. त्यामुळे रहिवाशांच्या सुरक्षिततेचा विचार नकाशा मंजूर होण्यापूर्वीच होणे अगत्याचे आहे.