विजेची मोटार : कोणासाठी आणि कोणत्या विजेवर?

विजेवर चालणारी मोटार पेट्रोलच्या मोटारीस व्यवहार्य पर्याय ठरेल काय, हा प्रश्न आज सर्वत्र विचारला जातो. केवळ ऐकीव आहे म्हणून काहीही स्वीकारू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. त्याच कसोटीवर आपण हा प्रश्न तपासू.

प्रथम इतिहास पाहू. ही मोटार नवी नव्हे. १८५९ मध्ये फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी पुन्हा चार्ज करता येणारी शिसे-आम्ल बॅटरी सिद्ध केली. १८९९ मध्ये ताशी १०० किलोमीटरचा वेग प्रथम ओलांडला तो विजेच्याच मोटारीने. पुढे टेक्सासमध्ये विपुल तेल सापडले, १९०८ मध्ये फोर्डची ‘मॉडेल टी’ आली आणि १९१२ मध्ये हँडल मारण्याचे कष्ट वाचवणारा स्टार्टर आला. जड बॅटरी, तोकडा पल्ला आणि चढी किंमत यांमुळे विजेची मोटार मागे पडली. १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आल्यानंतर पहिल्या दोन अडचणी क्रमाने पुष्कळशा दूर झाल्या. तिसरी मात्र पूर्णपणे सरलेली नाही.

आता हिशेब मांडू. एक लिटर पेट्रोल १०५ रुपयांचे व त्यावर १५ किलोमीटर धाव धरली, तर किलोमीटरला सात रुपये पडतात. घरगुती विजेचे एक युनिट नऊ रुपयांचे व त्यावर सहा किलोमीटर धरले, तर दीड रुपया. म्हणजे रोज १०० किलोमीटर चालणाऱ्या वाहनाचे ५५० रुपये वाचतात. आठवड्यातून एकदा बाहेर निघणाऱ्या मोटारीची जादा किंमत मात्र वर्षानुवर्षे वसूल होत नाही. म्हणून हा पर्याय रिक्षा, टेम्पो आणि शहर बस यांना आधी परवडतो. वस्तीत ज्याच्या दाराशी गाडी लावण्यास जागा नाही, त्याने ती चार्ज कोठे करावी, हा प्रश्न उरतोच.

धुराचे काय? एक लिटर पेट्रोल जळून सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. वरील हिशेबाने किलोमीटरला सुमारे १५० ग्रॅम. आपल्या देशातील सुमारे तीन चतुर्थांश वीज कोळशापासून होते. युनिटमागे ७०० ग्रॅम धरल्यास विजेच्या मोटारीचे किलोमीटरला सुमारे १२० ग्रॅम होतात. लाभ आहे, पण तो थोडा; सूर्य व वारा यांची वीज वाढेल तसा तो वाढेल. तोवर पुण्या-मुंबईचा धूर नाहीसा न होता काही अंशी चंद्रपूर-कोराडीकडे सरकतो. काही बॅटऱ्यांना लागणारे कोबाल्ट बहुतांशी काँगोतून येते, आणि तेथील खाणींत बालकेही राबतात. एकाची स्वच्छ हवा दुसऱ्याच्या श्वासावर उभी राहत असेल, तर तिला प्रगती म्हणता येणार नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. उद्योगवाढीशिवाय दारिद्र्य हटणार नाही आणि स्वस्त व मुबलक विजेशिवाय उद्योगवाढ होणार नाही, अशी मांडणी त्यांनी १९४३ मध्येच केली होती. वीज त्यांच्या दृष्टीने चैनीची वस्तू नव्हती. ती मुक्तीचे साधन होती.

आमचा निष्कर्ष असा : विजेचे वाहन व्यवहार्य आहे, पण ते प्रथम श्रमिकाच्या रिक्षेस आणि सर्वांच्या बसला मिळावे. सुट्टीत घरी जाल तेव्हा गावातील एका रिक्षाचालकास रोजची धाव व इंधनाचा खर्च विचारा, वरील हिशेब पुन्हा मांडा आणि मगच आमचे म्हणणे स्वीकारा किंवा नाकारा.